दहा बाय सोळाची खोली

नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करायची तारीख ठरली, तेव्हा मी आत्याला फोन करून एवढंच सांगितलं की भांडी सगळ्यात शेवटी बांध. मांडणीवरचं एकही ताट खाली काढू नकोस.

"का रे? जेवायला येतोयस?"

"जेवायला येतोच. पण ॲम्प घेऊन येतोय."

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आण. आता भिंत ठोकायला शेजारी कोण राहिलंय?"

कॉलेजची पाच वर्षं मी त्या खोलीत काढली. आत्या, काका, दोन आतेभाऊ आणि मी. रात्री आम्ही तिघं पोरं बाहेर पॅसेजमध्ये अंथरुणं टाकायचो. धोबीतलावहून आणलेली इलेक्ट्रिक गिटार पलंगाखाली असायची आणि तिच्याशेजारी दहा वॉटचा एक छोटा ट्रान्झिस्टरचा ॲम्प. काकांची दुपारपाळी असली की मला तास दीड तास वाजवायला मिळायचं. आवाजाचा खटका दोनच्या पुढे न्यायचा नाही, ही अट. तरीही पाचवी तार मोकळी छेडली की मांडणीवरची ताटं आणि पराती एकदम बोलायला लागायच्या. बाकी कुठल्याच स्वराला इतकं होत नसे. आत्या पोळ्या लाटता लाटता उठायची आणि परातीवर हात ठेवून उभी राहायची. तोवर पलीकडच्या खोलीतून लाटण्याने भिंत ठोकली जायची. त्यांच्या मुलीची दहावी होती, राग तरी कसा यावा?

तोच एक स्वर का, हे कळायला मला पुढची पंधरा वर्षं लागली. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात या चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. भिंती काँक्रीटच्या, आवाज न शोषता तसाच परत फेकणाऱ्या. आत्याची खोली मी टेपने मोजली तेव्हा साधारण १० बाय १६ फूट भरली. मुंबईच्या उकाड्यात आवाज सेकंदाला सुमारे ३४९ मीटर जातो. त्या हिशोबाने १६ फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये १०७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर घुमतो आणि १० फुटांवरच्या भिंतींमध्ये ११४ च्या आसपासचा. गिटारची पाचवी मोकळी तार ११० हर्ट्झची. भिंतींच्या दोन्ही जोड्या तिला बरोबर मधोमध धरत होत्या. खोलीचा स्वतःचा एक षड्ज असतो म्हणा ना, आणि आमच्या खोलीचा तो होता.

इलेक्ट्रिक गिटार थेट रेकॉर्डिंगच्या मशीनला जोडून कुणी ऐकली असेल, तर त्याला ठाऊक असेल की तो आवाज ऐकवत नाही. बारीक, कोरडा, कानाला टोचणारा. आपण ज्याला गिटारचा आवाज म्हणतो तो बनतो ॲम्पमध्ये आणि त्याच्या स्पीकरमध्ये. ॲम्पमधल्या व्हॉल्व्हला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीला, झेपेल त्याहून मोठा सिग्नल मिळाला की तो लाटांचे शेंडे छाटतो, पण कडा गोलसर ठेवून, आणि त्या छाटणीतून मूळ स्वरात नसलेले हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले वरचे स्वर, तयार होतात. पुढे बारा इंची स्पीकर असतो. तो पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर येऊ देत नाही. घरातल्या म्युझिक सिस्टीममध्ये हा दोष ठरला असता, पण गिटारला हीच चाळण लागते. त्यापुढे माईक. आणि माईकच्या मागे, बाजूला, वर, सगळीकडून असते ती खोली.

म्हणजे गिटार रेकॉर्ड करायची तर खोली हवी. जोरात वाजवता येईल अशी. मुंबईत गाडं अडतं ते नेमकं इथे.

माझ्याकडे आज जो व्हॉल्व्हचा ॲम्प आहे तो १५ वॉटचा आहे. ऐकायला आकडा लहान वाटतो. पण गिटारचे काही स्पीकर एका वॉटला एक मीटर अंतरावर १०० डेसिबल आवाज देतात. १५ वॉट पूर्ण दिले की तो ११२ च्या घरात जातो. निवासी भागात ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५. मी डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. मुलगी साडेनवाला झोपते, आणि मला वेळ मिळतो तो त्यानंतरच. व्हॉल्व्हचा ॲम्प हळू आवाजात लावून चालत नाही, कारण लाटांचे शेंडे छाटले जातात ते त्याला ताण दिल्यावरच. असा ॲम्प विकत घेऊन कपाटात ठेवलेले माझ्या ओळखीचे चार जण आहेत.

म्हणून २००४ साली अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत राजम्याच्या दाण्यासारखी दिसणारी लाल पेटी पहिल्यांदा पाहिली, तो दिवस मला स्वच्छ आठवतो. लाइन सिक्स कंपनीचा पॉड. बाजारात आला होता १९९८ सालीच, माझ्यापर्यंत पोचायला सहा वर्षं लागली. गिटारची वायर पेटीत, पेटीची वायर मिक्सरमध्ये. खोलीत ॲम्प नाही, माईक नाही. स्टुडिओवाल्याने हेडफोन माझ्या कानाला लावले आणि मी पाचवी तार छेडली. मोठ्या ॲम्पचा आवाज आला, मोठ्या हॉलमध्ये ठेवलेल्या. आणि बाहेर रिसेप्शनवर बसलेल्या मुलीने मान वर करूनही पाहिलं नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं. पाच वर्षं भिंतीवरच्या लाटण्याचा आवाज ऐकलेल्या माणसाला ते केवढं मोठं वाटलं, हे ज्यांच्या घरात वेगळी म्युझिक रूम असते त्यांना सांगून समजायचं नाही.

तेव्हापासून वीस वर्षं मी सिम्युलेटरवर, म्हणजे ॲम्पचा आवाज हुबेहूब काढणाऱ्या अशा पेट्यांवर आणि सॉफ्टवेअरवर, वाजवतोय. सिम्युलेटर म्हणजे नक्कल, अस्सल ॲम्पची सर त्याला नाही, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जिम मार्शल यांचं पश्चिम लंडनमध्ये हॅनवेलला ड्रमचं दुकान होतं. १९६२ साली त्यांनी आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी पहिला मार्शल ॲम्प, जेटीएम ४५, तयार केला तो अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बासमन या ॲम्पचं सर्किट समोर ठेवून. सुटे भाग मात्र इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले. व्हॉल्व्ह वेगळे, ट्रान्सफॉर्मर वेगळा, स्पीकर वेगळे, म्हणून आवाज वेगळा झाला. आज ज्याला अस्सल म्हणून पूजतात तोही नक्कल करता करताच जन्मला.

आणि खरं सांगायचं तर डिस्टॉर्शन, म्हणजे असा फाटलेला आवाज, माझ्या कानावर पहिल्यांदा पडलं ते कुठल्याही मार्शलमधून नव्हे. नायगावच्या रस्त्यावर, विसर्जनाच्या मिरवणुकीत, बेंजो पार्टीच्या हातगाडीवरून. बेंजो म्हणजे आपला बटणांचा बुलबुल तरंग, तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा पिकअप लावलेला. तो साध्या पीए ॲम्प्लिफायरमध्ये घालायचा, ॲम्प्लिफायर शेवटपर्यंत पिळायचा आणि आवाज सोडायचा भोंग्यांतून. स्वर फाटायचे, एकमेकांत मिसळायचे, आणि त्या फाटण्यामुळेच ढोल-ताशावर मात करून शंभर पावलांवर ऐकू यायचे. वाजवणारा पोरगा कुणाची नक्कल करतोय असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आजही येत नाही. गिटार हातात घेतल्यावर मी ज्या आवाजाच्या मागे लागलो, तो कितीतरी वेळा त्या हातगाडीवरचाच असतो.

सिम्युलेटर आता फार पुढे गेलेत. २०११ मध्ये आलेल्या केम्पर प्रोफायलरने दाखवलं की कुठल्यातरी कारखान्याने ठरवलेला ॲम्प कशाला, तुमच्या स्वतःच्या ॲम्पचा ठसा घेता येतो. हल्ली न्यूरल ॲम्प मॉडेलर नावाचं सॉफ्टवेअर स्टीव्हन ॲटकिन्सन यांनी सगळ्यांना फुकट खुलं करून दिलंय. काही मिनिटांचा ठरावीक ऑडिओ ॲम्पमधून पाठवायचा, बाहेर आलेला आवाज रेकॉर्ड करायचा, आणि आत काय गेलं नि बाहेर काय आलं यावरून संगणकातलं न्यूरल नेटवर्क शिकतं. मी माझ्या १५ वॉटच्या ॲम्पचा असा ठसा घेतला. मग एकाच गाण्याचा एकच भाग ॲम्पवर आणि ठशावर वाजवून, ड्रम आणि बेससकट, आमच्या ड्रमरला पाठवला. त्याला ओळखता आलं नाही. आठवडाभराने फायलींची नावं झाकून मी स्वतः ऐकलं, मलाही आलं नाही. पूर्ण मिक्समध्ये ऐकणाऱ्याला फरक कळत नाही, हे मी आता छातीठोकपणे सांगतो.

वाजवणाऱ्याला मात्र कळतो. लेटन्सीमुळे, म्हणजे आवाज संगणकातून जाऊन कानाशी यायला लागणाऱ्या वेळामुळे, असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. सेकंदाला ४८,००० नमुने आणि १२८ चा बफर धरला, तर एका दिशेची दिरंगाई सुमारे २.७ मिलिसेकंद. ॲम्पपासून एक मीटर लांब उभं राहिलं तर आवाज कानापर्यंत यायला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. जाऊन-येऊन इंटरफेसची, म्हणजे गिटार संगणकाला जोडणाऱ्या पेटीची, आणखी थोडी भर पडते, पण स्टेजवर तीन मीटर लांबच्या ॲम्पसमोर आपण कधी कुरकुर केली नाही. फरक आहे तो हवेचा. मोठा ॲम्प वाजत असताना हवा गिटारच्या लाकडाला हलवते, लाकूड तारेला हलवतं, तार पुन्हा पिकअपमधून ॲम्पकडे जाते. स्वर विझायचा तो विझत नाही, फुलत जातो, आणि तुम्ही अर्धं पाऊल सरकलात तर दुसऱ्याच स्वरात उलटतो. हेडफोनवर ही साखळी तुटलेली असते. मी सिम्युलेटरवर जास्त स्वर वाजवतो, हे माझ्या लक्षात आलंय. स्वर धरून ठेवावा, त्याचं काय होतंय ते पाहावं, असं होत नाही, कारण काही होणार नसतं. ऐकणाऱ्याला ॲम्प ओळखता येत नाही, पण गिटारवरची माझी वाक्यं बदललेली त्याच्यापर्यंत पोचतातच.

आणि मग खोली. सिम्युलेटरमध्ये व्हॉल्व्हचा भाग वेगळा आणि स्पीकर, माईक, खोली यांचा भाग वेगळा असतो. या दुसऱ्या भागाला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात, आम्ही नुसतं आयआर म्हणतो. एखाद्या जागेला एक क्षणिक ठोका दिला तर ती जागा काय उत्तर देईल, त्याची ही नोंद. एकदा ती फाइल हाताशी असली की कुठलाही आवाज त्या जागेत वाजल्यासारखा करता येतो. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या जागी कधीकाळी सगळे वादक एकत्र बसून गाणं रेकॉर्ड करायचे. तसा प्रशस्त हॉल आज माझ्यासारख्याला परवडायचा नाही, पण तसल्या हॉलचा आयआर दोनशे-पाचशे रुपयांत मिळतो. या शहरात 'खोली घेतली' म्हणजे आयुष्य मार्गी लागलं. सिम्युलेटरने वीस वर्षं मला पुरवल्या त्या खोल्याच. लंडनच्या, कॅलिफोर्नियाच्या, कुठल्या कुठल्या. आत्याचा फोन आला तेव्हा सुचलं, की ज्या खोलीत मी वाजवायला शिकलो तिची फाइल माझ्याकडे नाही.

ॲम्पचं वजन वीस किलो. गोधडीत गुंडाळून तो डोंबिवलीहून लगेजच्या डब्यातून दादरला आणला, तिथून टॅक्सी. दुसऱ्या मजल्यावरचा पॅसेज अर्धा रिकामा होता. बरेच जण ट्रान्झिटला गेलेले, दारांना कुलपं. माझ्या चपलांचा आवाज टोकाच्या भिंतीवर आपटून परत येत होता. तो तिथे मी कधी ऐकला नव्हता. तिथे कायम माणसं होती.

आधी आयआर घेतला. त्यासाठी स्पीकरमधून २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच लांब स्वर वाजवायचा आणि माईकने पकडायचा. ही पद्धत इटलीच्या अँजेलो फारिना यांनी २००० साली मांडली. पंधरा सेकंदांचा तो स्वर चढायला लागला तशी आत्या मोरीच्या कडेला थांबली. "गिरणीचा भोंगा अस्साच चढायचा," ती म्हणाली. तो टेक बाद झाला, तिचा आवाज त्यात आला म्हणून. मी तो पुसलेला नाही.

मग ॲम्प. स्पीकरच्या जाळीपासून दोन बोटांवर एक एसएम ५७ आणि दुसरा माईक खिडकीपाशी. खटका सातवर. त्या खोलीत दोनच्या पुढे तो कधी गेला नव्हता. मी पाचवी तार मोकळी सोडली. ताटं, पराती, डब्यांची झाकणं, काकांच्या तसबिरीची काच, खिडकीचं तावदान, सगळं एकदम उठलं. आत्याचा हात सवयीने परातीकडे गेला. मी मानेनेच नको म्हटलं. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि तशीच उभी राहिली. तो स्वर मी जवळजवळ मिनिटभर धरला. तो फुलला, उलटला, वरच्या सप्तकात गेला. नंतर एक गाणं पूर्ण वाजवलं. शेवटच्या स्वरानंतर रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. माईक आणखी चार-पाच मिनिटं चालू होता.

घरी येऊन आयआरची फाइल तयार केली. चढता स्वर गणिताने आवळला जातो आणि एका टोकदार ठोक्यात गोळा होतो. ठोक्याच्या नंतर खोलीचा घुमारा उतरत जातो. आमच्या खोलीचा कोरडा, कडक, ११० च्या आसपास फुगलेला घुमारा, हुबेहूब. पण ठोक्याच्या आधी एक फिकट खरखर दिसत होती. ठोका पडायच्या आधीच खोली काहीतरी बोलत होती. ती भांडी होती. चढता स्वर ११० च्या आसपास आला तेव्हा ताटं वाजली, पण त्यांचा किणकिणाट वरच्या पट्टीतला, कित्येक हजार हर्ट्झचा. गणिताच्या हिशोबात ते वरचे स्वर अजून यायचे होते. म्हणून त्याने तो किणकिणाट काळाच्या मागे ढकलला. आयआर बनवताना ठोक्याआधीचं सगळं कापून टाकतात, तशी रीतच आहे, कारण ते उरलं तर आवाज गढूळ होतो.

ठेवूनही उपयोग नसतो. आयआरचं सगळं गणित एका गृहीतावर उभं आहे. दुप्पट जोरात वाजवलं तर जागेने दुप्पट उत्तर द्यायचं, त्यात नवं काही घालायचं नाही. काँक्रीटची भिंत असं वागते. आत्याची परात नाही वागत. हळू वाजवलं तर ती गप्प बसते आणि एका ठरावीक मर्यादेनंतर एकदम बोलते, स्वतःच्या स्वरात. व्हॉल्व्हही तसलाच, म्हणून तर त्याच्यासाठी वेगळं न्यूरल नेटवर्क लागतं. परातीसाठी नेटवर्क शिकवायची खटपट कुणी केल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मी फाइल कापली. तिला खोलीचा नंबर नाव म्हणून दिला. नवीन गाण्यांतली सगळी गिटार रात्री अकरानंतर, हेडफोन लावून, त्या आयआरमधूनच रेकॉर्ड झालीय. फक्त शेवटच्या गाण्याचा शेवट मी त्या दिवशीचा ठेवला, खिडकीपाशच्या माईकचा.

आत्या आता वडाळ्याला भाड्याच्या जागेत असते. मागच्या रविवारी तिच्याकडे गेलो तेव्हा लॅपटॉप आणि हेडफोन बरोबर नेले. आधी सिम्युलेटरवरचं ऐकवलं. "आपल्या खोलीतलं वाटतंय खरं," ती म्हणाली. मग शेवटचं गाणं लावलं. परात वाजली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. गिटार संपली. मी फाइल थांबवायला हात पुढे केला, तिने तो धरला. तिला अजून ऐकू येत होतं. चार-पाच मिनिटांचा तो उरलेला भाग मी कधी ऐकलाच नव्हता. शांतता समजून सोडून दिला होता.

तिने हेडफोनचा एक कान बाजूला केला.

"पाणी आलं बघ," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली.